सोळा प्रश्न आणि 'मधला' मतदार: प्यू रिसर्च सेंटरच्या राजकीय प्रश्नावलीचे परीक्षण

न्यू जर्सीत मतदार म्हणून नाव नोंदवताना अर्जावर पक्षाचा एक रकाना असतो. नागरिकत्व मिळाल्यानंतर तो समोर आला, तेव्हा मी फारसा विचार न करता 'कोणत्याही पक्षाचा नाही' अशी खूण केली आणि सरकारदप्तरी 'अनअफिलिएटेड' झालो. माझ्या ओळखीतल्या मराठी घरांमध्ये असे पुष्कळ आहेत. करांचा विषय निघाला की ते रिपब्लिकनांसारखे बोलतात, स्थलांतराचा निघाला की डेमोक्रॅटांसारखे, आणि शाळेच्या अभ्यासक्रमाचा निघाला की समोर कोण बसले आहे ते पाहून बोलतात. दोन्ही पक्ष टोकाला गेले आणि आपल्यासारख्या मधल्यांना वाली उरला नाही, ही तक्रार या घरांत चहाबरोबर ठरलेली असते. तिला आकड्यांचा आधारही सापडतो, कारण गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या २०२४ मधील सर्वेक्षणांत ४३ टक्के अमेरिकी प्रौढांनी स्वतःला 'इंडिपेंडंट' म्हटले आणि दोन्ही मोठ्या पक्षांच्या वाट्याला प्रत्येकी २८ टक्केच आले.

ही तक्रार कितपत खरी आहे ते पाहण्यासाठी मी प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावरील 'पोलिटिकल टायपॉलॉजी', म्हणजे राजकीय मतांवरून गट पाडणारी प्रश्नावली सोडवली आणि नंतर घरच्यांकडूनही सोडवून घेतली. ती विनामूल्य आहे, प्रश्न सोळा आहेत आणि दहा मिनिटांत काम होते. 'तुमचा स्वभाव कोणत्या फळासारखा' या छापाच्या खेळांपेक्षा तिचे वजन वेगळे आहे, कारण तिच्यामागे दहा हजारांहून अधिक प्रौढांचे सर्वेक्षण उभे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली ही आवृत्ती १९८७ पासूनच्या मालिकेतली आठवी. डावे, उजवे आणि मधले अशा तयार खणांत माणसे बसवण्याऐवजी, ज्यांची उत्तरे एकमेकांशी जुळतात त्यांना एकत्र करून नऊ गट पाडलेले आहेत, आणि आपली उत्तरे ज्या गटाच्या सर्वांत जवळ जातात त्याचे नाव शेवटी पडद्यावर येते.

प्रश्नांची घडण आधी त्रास देते आणि मग विचार करायला लावते. बऱ्याच ठिकाणी दोन विधाने समोर ठेवून, दोन्ही तंतोतंत पटत नसली तरी त्यातल्या त्यात जवळचे निवडा, असे सांगितले जाते. कमी सेवा देणारे लहान सरकार हवे की जास्त सेवा देणारे मोठे, या प्रश्नावर माझी पत्नी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बराच वेळ अडून बसली. "आईबाबांच्या औषधांसाठी मोठं आणि मालमत्ता कराच्या बिलासाठी लहान, असं लिहायला जागा कुठे आहे?" असे तिने विचारले. जागा नव्हती. मधल्या मतदाराला 'दोन्हीपैकी नाही' हे आवडते उत्तर इथे फारसे मिळत नाही, आणि मला तो या प्रश्नावलीचा गुण वाटतो. मतदान यंत्रासमोर तरी ते कुठे मिळते?

आमच्यासारख्यांना थबकायला लावणारा आणखी एक प्रश्न आहे. तुमच्या भागात सार्वजनिक ठिकाणी लोक इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत बोलताना नेहमी कानावर आले, तर तुम्हाला ते कितपत खटकेल? आदल्याच दिवशी भारतीय दुकानांनी भरलेल्या ओक ट्री रोडवर भाजी घेताना आम्ही मेथीच्या जुडीच्या भावावरून मोठ्या आवाजात मराठीत वाद घातला होता. या प्रश्नात आपण उत्तर देणारेही असतो आणि ज्यांच्याविषयी विचारले आहे तेही असतो. इथे 'मधले' उत्तर देणे मला जमले नाही, आणि आपण सगळ्याच बाबतींत मध्यावर उभे आहोत या माझ्या समजुतीला पहिला तडा तिथे गेला.

मूळ तक्रारीला थेट हात घालणारा प्रश्नही यादीत आहे. निवडणुकीतल्या उमेदवारांपैकी निदान एकाची मते आपल्या बहुतेक मतांशी जुळतात असे तुम्हाला सहसा वाटते, की आपली मते नीट मांडणारा कोणीच नाही असे वाटते? मी दुसरे निवडले आणि पत्नीने पहिले. निकालात मी 'अँबिव्हॅलंट राइट', म्हणजे उजवीकडे झुकणाऱ्या पण मनात किंतु असलेल्या गटात गेलो, तर ती डेमोक्रॅटांच्या जुन्याजाणत्या पाठीराख्यांच्या, 'डेमोक्रॅटिक मेनस्टेज' या गटात. आमच्याकडे पाहुणा आलेला माझा मामेभाऊ स्वतःला शंभर टक्के मध्यममार्गी समजतो. तो निघाला 'आउटसायडर लेफ्ट', म्हणजे डावा पण डेमोक्रॅट पक्षावरही नाराज. दहा वर्षे एकाच टेबलाशी बसून 'आपल्यासारखे मधले' असे म्हणणारे आम्ही तिघे तीन दिशांना होतो.

खरा ऐवज प्रश्नावलीसोबतच्या अहवालात आहे, आणि निकाल पाहून खिडकी बंद करणारा वाचक त्याला मुकतो. नऊ गटांपैकी फक्त एकाचा कोणत्याही पक्षाकडे स्पष्ट कल नाही. त्याचे नाव 'स्ट्रेस्ड साइडलायनर्स', म्हणजे आयुष्याच्या ओढाताणीत राजकारणाच्या कडेला राहिलेले लोक. ते जनतेत १५ टक्के आहेत, पण २०२० च्या मतदारांत १० टक्केच होते. वर्तमानपत्रांतल्या लेखांमध्ये 'मध्य' म्हणून जो समंजस, अभ्यासू, दोन्ही बाजू तोलणारा मतदार रंगवला जातो, त्याचा या गटाशी फारसा संबंध नाही. हे लोक आर्थिक चणचणीत आहेत आणि राजकारणात त्यांना रस कमी आहे. उलट, पक्षांच्या आतली भेसळ पाहण्यासारखी आहे. स्थलांतराविरुद्ध अतिशय कठोर असलेला 'पॉप्युलिस्ट राइट' हा रिपब्लिकन गट बड्या कंपन्यांवर रागावलेला आहे आणि श्रीमंतांवर जास्त कर लावायला त्यातल्या बहुसंख्यांची हरकत नाही. माझ्या पत्नीचा गट ठामपणे डेमोक्रॅटांचा, पण गुन्हेगारी आणि लष्कर या विषयांवर पक्षातल्या तरुण डाव्यांपेक्षा बराच सावध.

यातून माझे मत असे झाले की प्रतिनिधित्व मिळत नाही ही ओरड खोटी नाही, पण वंचित कोण हे सांगताना आपण चुकतो. दोन टोकांच्या बरोब्बर मध्ये उभा असलेला मोठा, एकजिनसी जमाव अस्तित्वातच नाही. आहेत ते एका विषयावर या टोकाचे आणि दुसऱ्यावर त्या टोकाचे मत असलेले लोक. सरासरी काढली की ते मध्यावर दिसतात, एवढेच. गॅलपच्या इंडिपेंडंटांनाही पुढचा प्रश्न विचारला की त्यांच्यातले बहुतेक कोणत्या ना कोणत्या पक्षाकडे झुकतात. 'नो लेबल्स' या संघटनेला २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी मध्यममार्गी उमेदवार उभा करायचा होता, पण पुरेसा तगडा कोणी मिळाला नाही म्हणून एप्रिलमध्ये तिने तो बेत सोडला. मला त्यात नवल वाटले नाही. अशा उमेदवाराने आम्हा तिघांना एकाच भाषणात काय सांगितले असते?

तरीही सगळा दोष मतदारावर ढकलणे बरोबर नाही, आणि प्रश्नावलीची उणीव मला इथेच जाणवते. ती माणसाचे मत मोजते. ते मत मतपेटीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते याविषयी ती काहीच विचारत नाही. आमच्या राज्यात २०२२ मध्ये 'मॉडरेट पार्टी' स्थापन झाली आणि तिने प्रतिनिधिगृहाच्या सातव्या मतदारसंघातले डेमोक्रॅट उमेदवार टॉम मॅलिनॉव्स्की यांनाच आपलेही उमेदवार केले. रिपब्लिकनांवर नाराज असलेल्या, पण डेमोक्रॅटांच्या नावापुढे खूण करायला हात न धजणाऱ्या मतदाराची त्यातून सोय झाली असती. मात्र एकच उमेदवार दोन पक्षांच्या नावांखाली छापायला न्यू जर्सीत शंभर वर्षांपासून बंदी आहे, त्यामुळे राज्याने नकार दिला, मॅलिनॉव्स्की हरले आणि २०२५ मध्ये अपील न्यायालयानेही बंदी कायम ठेवली. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये हीच पद्धत राजरोस चालते. अलास्काने २०२० मध्ये सर्वांना खुली प्रायमरी (मुख्य निवडणुकीआधी उमेदवार निवडणारी फेरी) आणि पसंतीक्रमाचे मतदान स्वीकारले, आणि २०२२ मध्ये लिसा मर्कोव्स्की यांच्यासारख्या, स्वपक्षातल्या कट्टरांना नकोशा झालेल्या रिपब्लिकन सिनेटर तिथे पुन्हा निवडून आल्या. माणसे तीच, मते तीच, पण मतपत्रिकेची मांडणी बदलली की निकाल बदलतो, हे सोळा प्रश्नांतून कळत नाही.

इतर उणिवा थोडक्यात. आवृत्ती २०२१ ची आहे आणि त्यानंतर एक अध्यक्षीय निवडणूक होऊन गेली, त्यामुळे गटांची टक्केवारी आजची म्हणून कोणी सांगू नये. कोणता विषय आपल्याला जास्त महत्त्वाचा वाटतो हे सांगायची सोयही नाही. जर्मनीतल्या 'वाल-ओ-माट' या सरकारी प्रश्नावलीत आपल्या जिव्हाळ्याच्या विधानांना दुप्पट वजन देता येते. अर्थात तिथे शेवटी आपली उत्तरे डझनभर पक्षांच्या भूमिकांशी ताडून दाखवतात. इथे ताडायला पक्ष दोनच, म्हणून प्यूने पक्षांऐवजी माणसांचे गट दाखवले ते योग्यच केले.

पाचपैकी चार तारे. स्वतःला मधला म्हणवणाऱ्याने ती एकट्याने न सोडवता घरच्यांबरोबर सोडवावी, आणि निकालानंतर अहवालातली निदान आपल्या व शेजारच्या गटांची प्रकरणे वाचावीत. वर्गासाठी किंवा मंडळासाठी सामूहिक दुवा तयार करून सगळ्यांचे निकाल एकत्र पाहण्याचीही सोय आहे. आमच्या मंडळात ती वापरावी की मैत्री टिकवावी, याचा निर्णय कार्यकारिणीने करावा.

माझ्यापुरता एक परिणाम झाला. न्यू जर्सीत अनअफिलिएटेड मतदाराला पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचे असेल, तर मतदान केंद्रावर पक्ष जाहीर करावा लागतो आणि त्यानंतर तो त्याच पक्षाचा म्हणून नोंदला जातो. त्या अटीमुळे मी वर्षानुवर्षे प्रायमरी टाळली, आणि नोव्हेंबरमधल्या मुख्य निवडणुकीत मात्र दोन्ही उमेदवार नकोसे आहेत म्हणून कुरकुरलो. पानात काय वाढायचे ते ठरून गेल्यावर पंगतीला बसण्यातला हा प्रकार. जून २०२५ मध्ये गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत डेमोक्रॅटांचे सहा आणि रिपब्लिकनांचे पाच उमेदवार होते, आणि दोन्ही याद्यांमध्ये सौम्यापासून कडव्यापर्यंत सगळे प्रकार होते. टेबलामागच्या बाईंनी वहीतले माझे नाव शोधून विचारले, "कोणता पक्ष?" मी एक नाव सांगितले आणि सही केली. पुन्हा अनअफिलिएटेड होण्याचा अर्ज घरी ड्रॉवरमध्ये आहे, अजून भरलेला नाही.