सात इंची सर्क्युलर सॉ: घेण्याआधी दुकानातच ब्लेड उतरवून बघा

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात १८५ मि.मी. ब्लेडचा वायरवाला सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल ब्लेडची विजेवरची करवत, मागितली की आधी वॅट ऐकायला मिळतात. १२०० असोत की १४००, १८ मि.मी. प्लाय दोन्ही कापतात. रोज काम करणाऱ्याला फरक कळतो तो ब्लेड बदलताना, म्हणून स्वस्त गटातलं एक मशीन आम्ही फक्त त्या बाजूनं तपासलं. दुकानदाराला विनंती करा, वायर प्लगमध्ये नसल्याची खात्री करा आणि काउंटरवरच ब्लेड एकदा उतरवून पुन्हा चढवा. पाच मिनिटांत मशीनची सगळी लायकी कळते.

पहिली परीक्षा ब्लेड फिरू न देणाऱ्या लॉकच्या बटनाची. ते दाबून ब्लेड हातानं सावकाश फिरवलं की लॉकची पिन स्पिंडलच्या (ब्लेड ज्यावर बसतं त्या फिरत्या दांड्याच्या) खाचेत बसते आणि ब्लेड जागच्या जागी थांबतं. या मशीनचं बटन शेंगदाण्याएवढं आहे. ब्लेडचा बोल्ट जाम असेल तर अंगठा घसरतो आणि पिन खाचेतून सुटते. मग एका हातानं दाते धरायचा मोह होतो, आणि हात तिथंच कापतो. ब्लेड हाताळताना जाड हातमोजे घालावेत. मशीन चालवताना मात्र सैल हातमोजे नकोत, ते ब्लेडमध्ये ओढले जातात. स्विच सोडल्यावरही ब्लेड काही सेकंद फिरत राहतं. तेवढ्यात घाईनं बटन दाबलं तर पिन तुटते किंवा खाच झिजते, आणि त्यानंतर लॉक कधीच नीट बसत नाही.

बोल्ट कुठल्या बाजूला फिरवायचा यावर बरेच मिस्त्री अडतात. ब्लेड कापताना ज्या दिशेनं फिरतं, त्याच दिशेनं बोल्ट सैल होतो. लाकूड ब्लेडला अडवतं तेव्हा त्या ओढीनं बोल्ट आणखी आवळला जावा, अशाच बाजूचे आटे पाडलेले असतात. ब्लेड उजवीकडे असलेल्या मशीनला साधे आटे, डावीकडे असलेल्याला उलटे. हे ठाऊक नसलं की चुकीच्या बाजूला जोर लावून बोल्टची षटकोनी खाच गोल होते. सोबत आलेली एलन-की (बोल्ट फिरवायची षटकोनी चावी) इतकी मऊ आहे की आठ-दहा वेळात तिच्या कडा घासल्या जातील. चांगल्या पोलादाची की वेगळी घ्यावी. कीला पाइप लावून लांबी वाढवू नये, ना सोडताना ना आवळताना.

मशीनची चांगली बाजू म्हणजे खालच्या गार्डची, म्हणजे ब्लेड झाकणाऱ्या आणि आपोआप मिटणाऱ्या कव्हरची मूठ. ती दात्यांपासून लांब आहे, त्यामुळे एका अंगठ्यानं गार्ड मागं घेता येतं आणि दुसऱ्या हातानं ब्लेड तिरकं करून बाहेर काढता येतं. बाहेरचा फ्लँज (ब्लेडला दाबून धरणारी चकती) निघाला की आतलाही काढून दोन्हींच्या सपाट बाजू कापडानं पुसाव्यात. तिथं अडकलेला भुसा किंवा डिंकाचा खडा ब्लेड एका बाजूला ढकलतो, मग काप रुंद येतो आणि ब्लेड तापतं. पावसाळ्यात कोल्हापूरच्या दमट हवेत भुसा ओला होऊन गार्डच्या सांध्यातही चिकटतो. ब्लेड बसवल्यावर गार्ड मागं ओढून सोडावं. ते खटकन मिटलं पाहिजे. रेंगाळत असेल तर सांधा साफ करावा. साइटवर तारेनं बांधून उघडं ठेवलेलं गार्ड दिसतं, ते आम्हाला अजिबात मान्य नाही. मशीन खाली ठेवताना फिरतं ब्लेड मांडीला लागतं ते असंच.

नवं ब्लेड घेताना आधी मशीनचा स्पिंडल मोजा. तपासलेल्या मशीनला २० मि.मी. भोकाचं ब्लेड लागतं; बाजारात २५.४ आणि ३० मि.मी.चीही मिळतात. मोठं भोक लहान करायला ब्लेडसोबत येणारी रिंग ब्लेडच्या जाडीपेक्षा वर येता कामा नये, नाहीतर फ्लँज ब्लेडला न धरता रिंगलाच धरतो. शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात लेथवर हवी ती रिंग टर्न करून मिळते, आणि इथल्या कारागिरांच्या हाताबद्दल शंका नाही. तरी इतक्या वेगानं फिरणाऱ्या वस्तूला आम्ही मूळ भोकाचंच ब्लेड घ्यायला सांगू. ब्लेडवर छापलेली आरपीएमची (मिनिटाला फेऱ्यांची) मर्यादा मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त हवी. फरशी कापायची चकती या सॉला लावायची नाही, आणि दातेरी ब्लेड मार्बल कटरला तर नाहीच: तो १२-१३ हजार आरपीएमनं फिरतो आणि आपोआप मिटणारं गार्ड त्याला नसतं.

ब्लेडवरचा बाण गार्डवरच्या बाणाशी जुळवा. छपाई बाहेर दिसतेय म्हणजे बरोबर, असं धरू नका. पुढच्या बाजूला दाते खालून वर येताना दिसले पाहिजेत. बोल्ट आवळून झाल्यावर एलन-की काढा, प्लग लावण्याआधी ब्लेड हातानं दोन फेरे फिरवा आणि डगमग बघा. मग लाकडाला न लावता अर्धा मिनिट चालवा, ब्लेडच्या रेषेत उभं न राहता. कापाची खोली अशी ठेवा की लाकडाखाली एका दात्यापेक्षा कमी ब्लेड दिसेल.

मशीनसोबत आलेलं २४ दात्यांचं ब्लेड सागवानी फळी उभी चिरायला बरं आहे, पण सनमायका लावलेल्या प्लायचे त्यानं टवके उडतात. त्यासाठी ६० दात्यांचं ठेवा. उतरवलेलं ब्लेड सिमेंटच्या कोब्यावर टाकू नका, कार्बाइडची टोकं ठिसूळ असतात.

महिन्यातून चार-दोनदा प्लाय कापणाऱ्याला हे मशीन चालेल. फर्निचरच्या कामात दिवसातून दोन-तीनदा ब्लेड बदलावं लागत असेल, तर थोडे पैसे वाढवून रुंद बटनाचं आणि अंगावरच की अडकवायची जागा असलेलं मशीन घ्या.