44 म्हणून विकलेला 42 नंबर: मोठ्या मापाच्या हाय हील्समध्ये कसं फसवलं जातं

जोड विकला गेला 44 नंबरचा म्हणून. किंमत 6,500 रुपये, सगळे पैसे यूपीआयने आगाऊ. जाहिरातीत लिहिलं होतं: पुरुषांच्या पायासाठी वेगळ्या फर्म्यावर (बूट ज्यावर घडवतात त्या पायाच्या आकाराच्या साच्यावर) बनवलेले, साडेचार इंची हील, स्टील शँक (तळव्याच्या कमानीखालची पोलादी पट्टी), अस्सल चामडं, ऑर्डरप्रमाणे बनवल्यामुळे परत घेतले जाणार नाहीत. घेणारा तरुण रंगमंचावर स्त्रीभूमिका करणारा. दुसऱ्याच तालमीत डावी हील मागे फाकली आणि त्याचा घोटा मुरगळला. विक्रेत्याचं उत्तर आलं, "तुमचं वजन जास्त आहे, चालायची सवय नाही."

तो जोड नंतर उघडला. सोलवर 44 चा स्टिकर होता, तो नखाने निघाला आणि खाली साच्यातच उमटलेला 42 दिसला. आतलं अस्तर सोडवल्यावर हील फक्त चार खिळ्यांवर आणि गोंदावर बसवलेली आढळली, मधला स्क्रू नव्हताच. शँक होती, पण आखूड; चवड्याच्या बरीच मागे संपणारी. पुढे नुसता पुठ्ठा, आणि तो बरोबर तिथेच मोडला होता. वरचं 'चामडं' म्हणजे कापडावर चढवलेला पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर. नंबर, शँक, चामडं, यांपैकी एकही दावा पुरता खरा नव्हता. वजनाचा आणि सवयीचा यात काही संबंध नाही. 75 किलोचा माणूस या उंचीच्या हीलवर व्यवस्थित चालू शकतो, जोड त्या वजनासाठी बांधलेला असला तर.

अशी फसवणूक मोठ्या मापातच जास्त का होते, याचं कारण सरळ आहे. बायकांच्या हील्स बहुतेक दुकानांत 41 पर्यंत मिळतात. त्यापुढचं माप हवं असणारे लोक, म्हणजे मोठ्या पायाच्या स्त्रिया, ट्रान्स स्त्रिया, ड्रॅग कलाकार, नर्तक आणि आवड म्हणून हील घालणारे पुरुष, यांना दुकानात घालून बघायची सोय नसते. माल न बघता घ्यावा लागतो. त्यात पुरुष तक्रार करायला संकोचतो, हे विक्रेत्याला पक्कं ठाऊक असतं.

आधी नंबराचं बघू, कारण सगळा खेळ तिथे आहे. आपल्याकडे '9 नंबर' म्हटलं की तो ब्रिटिश मापाचा 9. अमेरिकन लेडीज मापात तोच पाय साधारण 11 नंबरचा होतो. मग विक्रेता सांगतो, "तुमचा 9 ना? हा 11 आहे, सैलच होईल." तो सैल होत नाही, जेमतेम तेवढाच असतो. ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपीय मापात एक नंबर म्हणजे 6.67 मिलिमीटर. म्हणजे 44 च्या जागी 42 दिला की सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त लांबी गेली. शिवाय युरोपीय आकडा पायाचा नसतो, फर्म्याचा असतो: फर्म्याची सेंटिमीटरमधली लांबी गुणिले दीड. 44 चा फर्मा 29.3 सेंटिमीटरचा, 42 चा 28 चा. पाय त्याहून दीडेक सेंटिमीटर लहान हवा. म्हणून नंबर विचारूच नका. "हा जोड किती मिलिमीटर लांबीच्या पायासाठी आहे?" एवढंच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. काही बुटांवर 265, 270 असे आकडे छापलेले असतात. ती पायाची मिलिमीटरमधली लांबी असते आणि त्या आकड्याशी खेळणं अवघड असतं.

यावर विक्रेत्याची पुढची चाल म्हणजे सोलवर पट्टी ठेवून काढलेला फोटो. "बघा, 29 सेंटिमीटर आहे." ते बाहेरचं माप. टोकदार पुढ्याच्या हीलमध्ये बोटांच्या पुढे दोन-तीन सेंटिमीटर पोकळी सहज असते, ती नुसती दिसण्यासाठी असते. तिथे बोट जात नाही. आतली वापरता येणारी लांबी किती, हा प्रश्न. जोड हातात आल्यावर ते तपासायची खात्रीची रीत अशी: पातळ पुठ्ठ्यावर उभं राहून पायाची आकृती काढा, ती रेषेवर कापा आणि बुटात टाचेपासून आत सरकवा. पुठ्ठा बाजूंनी दुमडला तर रुंदी कमी आहे. टाचेशी वर राहिला तर लांबी कमी आहे. पाय आत कोंबून "होईल सैल" म्हणत बसण्यापेक्षा ही दोन मिनिटं खर्च करा.

पायाचं माप संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभरात पाय सुजतो. दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभं राहायचं, पेन्सिल अगदी उभी धरायची. तिरपी धरली तर माप चुकतं. तीन आकडे लागतात: टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी, चवड्याच्या सांध्यांभोवतीचा घेर आणि पावलाच्या वरच्या उंचवट्यावरचा घेर. दोन्ही पायांचे वेगळे लिहा, मोठ्याप्रमाणे जोड घ्या. त्या तरुणाचा मोठा पाय 27.4 सेंटिमीटर लांब होता आणि चवड्याचा घेर 26 सेंटिमीटर. विक्रेत्याने घेर विचारलाच नव्हता. घेर न विचारता जो 'तुमच्या मापाने बनवतो' म्हणतो तो काही बनवत नसतो, तयार माल पाठवत असतो. ही खूण एकटीच पुरेशी आहे.

पुरुषाच्या पायाला निराळा फर्मा का लागतो, तेही समजून घ्या. सारख्या लांबीच्या पायांत पुरुषाचा चवडा सहसा रुंद, उंचवटा जाड आणि टाच रुंद असते. बायकांच्या फर्म्यावरचा जोड मग चवड्यात आवळतो, आणि रुंदीसाठी एक नंबर मोठा घेतला की टाच सुटते. उतारावर पाय पुढे घसरतो, बोटं टोकात चेपतात, मागे बोटभर फट पडते. पुष्कळ लोक तिथे सिलिकॉनचे तुकडे चिकटवतात. त्याने फट बुजते, पण पावलाचा वाकणारा सांधा आणि सोलचा वाकणारा भाग एका जागी येत नाहीत, आणि चालण्याचा सगळा त्रास तिथूनच येतो. जोड बरोबर बसला की चवड्याचा सांधा सोल जिथे वाकतो तिथेच बसतो, उभं असताना टाचेमागे करंगळी जात नाही आणि बोटं सरळ राहतात. "वापरून सैल होईल" हे वाक्य लांबीबाबत साफ खोटं आहे. खरं चामडं रुंदीत थोडं ताणतं. पीयू ताणलं तरी परत आवळतं, नाहीतर फाटतं.

आता हीलची उंची. 10 सेंटिमीटरची हील सगळ्या मापांना सारखीच चढी नसते. टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर पायाच्या लांबीच्या साधारण 70 टक्के धरा. 23.5 सेंटिमीटरच्या पायात ते साडेसोळा होतं, 27.4 च्या पायात 19 च्या वर. लहान पायाला 10 ची हील जो चढ देते, तोच चढ मोठ्या पायाला सुमारे साडेअकराला येतो. चांगला कारागीर म्हणून मोठ्या नंबरला हील वाढवतो, तिची बैठकही रुंद करतो. फसवणारा लहान मापाची तयार हील मोठ्या सोलखाली ठोकतो. ते डोळ्यांना दिसतं: जोड टेबलावर ठेवून मागून बघा. टाचेची बैठक हीलच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत असेल, सांध्यात पुट्टी किंवा गोंद भरलेला असेल, हील बाजूने पाहता मागे-पुढे कललेली असेल, तर तो भाग त्या बुटाचा नाहीच. पुढे प्लॅटफॉर्म असेल तर तो उंचीतून वजा करायचा. 12 ची हील आणि 3 चा प्लॅटफॉर्म म्हणजे पायाला चढ 9 चाच.

शँक म्हणजे तळव्याच्या कमानीखाली असलेली पोलादी पट्टी. ती हीलच्या बैठकीपासून चवड्याच्या जरा मागेपर्यंत पोहोचली पाहिजे. सगळं वजन तिच्यावर तोललेलं असतं, आणि ती दिसत नाही, म्हणून काटछाट तिथेच होते. तपासणी सोपी आहे. लहान लोहचुंबक सोलच्या कमानीवर टाचेकडून पुढे सरकवत न्या. जिथे ओढ संपते तिथे पट्टी संपली. काही चांगल्या बुटांत फायबरची शँक असते, तिला चुंबक चिकटत नाही, पण तसं विक्रेत्याने आधी सांगितलेलं असावं. मग जोड टेबलावर ठेवून कमानीवर अंगठ्याने जोरात दाबा. कमान खाली बसली आणि हीलच्या टिपची मागची कड उचलली, तर तो जोड अंगावर घेऊ नका. टाच आणि पुढा दोन हातांत धरून पिळून बघा. चवड्याशी वाकलं तर ठीक, कमानीत वाकलं तर नाही. शेवटी हील धरून हलवा. कुरकुर आली तर ती नुसत्या गोंदावर आहे. आतलं टाचेखालचं अस्तर बहुतेक वेळा हलक्या हाताने उचलता येतं; खाली मधोमध स्क्रू आणि भोवती खिळे दिसले पाहिजेत.

पेन्सिल हीलमध्ये प्लास्टिकच्या आत पोलादी सळी असते. ती नसेल तर चुंबक तेही सांगतो. टिप साधारण एक चौरस सेंटिमीटरची, आणि चालताना क्षणभर सगळं वजन त्या एवढ्याशा जागेवर येतं. वजन 80 किलोच्या पुढे असेल तर पहिला जोड रुंद, ठोकळ्यासारख्या हीलचा घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. स्वस्त टिप कडक प्लास्टिकची असते, फरशीवर टकटक वाजते आणि घसरते; चांगली टिप जराशी रबरी लागते, आणि झिजली की मोची बदलून देतो.

चामड्याचं थोडक्यात. कापलेली कड बघा: चामड्यात तंतू दिसतात, पीयूमध्ये खाली विणलेलं कापड. पीयू वाईट नाही, पण त्याला चामड्याचा भाव देऊ नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जुना साठा ठेवून ठेवला तर पीयूचे पापुद्रे निघतात, पीयूचा सोल असेल तर त्याचा भुगा होतो, आणि 'सेल'मध्ये येणारे मोठे नंबर बरेचदा तसलेच असतात.

खरोखर मापाने बनवून घ्यायचं असेल तर कारखान्यात जाऊन फर्मा हातात घेऊन बघा. मुंबईत चेंबूरजवळच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत पादत्राणांचे असे छोटे कारखाने आहेत. फर्म्यावर नंबर कोरलेला असतो. रुंदी वाढवायला कारागीर फर्म्यावर चामड्याचे तुकडे चिकटवतात. ते दाखवायला नकार देणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नये. आगाऊ द्यावीच लागली तर निम्मी, आणि पावतीवर चार गोष्टी: पायाची लांबी मिलिमीटरमध्ये, चवड्याचा घेर, हीलची उंची, शँक कशाची.

आणखी एका प्रकाराबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. काही विक्रेते पुरुष गिऱ्हाइकाकडे 'फिटिंगसाठी' पूर्ण अंगाचा, चेहऱ्यासह हील घातलेला फोटो मागतात. मापासाठी घोट्यापर्यंतचा फोटो आणि शेजारी टेप पुरतो. पुढे पैसे परत मागितले की "घरी कळवू" अशी धमकी येते. ही खंडणी आहे, गुन्हा आहे, आणि लाज वाटायची असेल तर ती धमकावणाऱ्याला वाटावी. पुरुषाने हील घालणं नवीन नाही. इराणी घोडेस्वार रिकिबीत पाय पक्का राहावा म्हणून टाचेचे बूट घालत. सतराव्या शतकात युरोपच्या दरबारांत ती पुरुषांची रीत होती. लॅटिन बॉलरूम नाचणारे पुरुष आजही चारेक सेंटिमीटरची हील घालतात. धमकीचे मेसेज पुसू नका. पैसे परत करतो म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगितलं तर तिथेच थांबा. पैसे घेताना पिन लागत नाही. पैसे गेलेच तर 1930 या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

पार्सल उघडतानाचा एकसंध व्हिडिओ काढा: आधी पत्त्याचं लेबल, मग सोलवरचा नंबर, मग मोजपट्टी. घरात सतरंजीवरच घालून बघा, सोल खराब झाला की विक्रेत्याला निमित्त मिळतं. 'ऑर्डरचा माल परत नाही' या वाक्याला घाबरू नका. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल किंवा वर्णनाशी जुळत नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. ऑनलाइन बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. ते झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि त्यानंतर तुमच्या राहत्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. हील कोणासाठी आणि कशासाठी घेतली, हे कुठेही लिहावं लागत नाही. तक्रारीत "बसत नाही", "चालता येत नाही" असलं लिहिलं तर दोष तुमच्या पायावर ढकलला जातो. त्याऐवजी असं लिहा: "274 मिलिमीटर पायासाठी 44 मापाचा जोड मागवला; सोलवर स्टिकरखाली 42 आहे; स्टील शँक चवड्यापर्यंत नाही; चामडं सांगितलं, माल पीयूचा आहे; फोटो जोडले आहेत."