ला पाल्मा बेटावर "रात्री ऑब्झर्व्हेटरी दाखवतो" म्हणणाऱ्यांपासून सावध

स्पेनच्या कॅनरी बेटांतल्या ला पाल्माला तारे बघायला जाताय तर ही एक टूर तेवढी टाळा. जाहिरात अशी की रात्री रोके दे लोस मुचाचोस ह्या बेटावरच्या सगळ्यात उंच माथ्यावरच्या ऑब्झर्व्हेटरीत नेणार आणि तिथल्या १०.४ मीटर आरशाच्या ग्रान तेलेस्कोपिओ कानारियास ह्या महाकाय दुर्बिणीला डोळा लावून तारे बघायला मिळणार. माणशी ९० युरो, आगाऊ.

व्हॅन वेळेवर आली, वळणावळणाचा घाट, खाली ढगांचा थर, तिथपर्यंत सगळं झकास. पण माथा यायच्या बरंच आधी गाडी बाजूला घेतली आणि गाईड म्हणतो आज वर टेक्निकल प्रॉब्लेम आहे, इथूनच बघू. डिकीतून वाढदिवसाला पोरांना देतात तसली दुर्बीण निघाली, स्टँडच्या एका पायाला चिकटपट्टी, जरा वारा आला की शनी आपला थरथरत बाहेर पळतोय. वर पौर्णिमा तोंडावर, चंद्राचा एवढा उजेड की आकाशगंगा कसली दिसतेय, त्यात ह्या भाऊने मोबाईलचा पांढरा टॉर्च सगळ्यांच्या तोंडावर मारला. अंधाराला डोळे सरावायला २०-३० मिनिटं लागतात, म्हणून खरे गाईड लाल टॉर्च वापरतात, ह्याला त्याचा पत्ताच नाही.

नंतर वरच्या व्हिजिटर सेंटरमध्ये विचारलं तर तिथली बाई हसायलाच लागली. लोकांना दुर्बिणी फक्त दिवसा दाखवतात, रात्री तिथे शास्त्रज्ञांचं काम चालतं, गाडीच्या हेडलाईटनेसुद्धा निरीक्षणात व्यत्यय येतो. आणि त्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावायची सोयच नाही हो, कॅमेरे आणि स्पेक्ट्रोग्राफ (प्रकाशातले रंग वेगळे करून नोंदवणारी यंत्रं) बसवलेत. म्हणजे प्रॉब्लेम वगैरे काही नव्हताच, तिकीटच खोटं.

बेटाला नावं ठेवत नाहीये हां. तिथे १९८८ पासून आकाश जपायचा कायदा आहे, रस्त्यावरचे दिवेसुद्धा मंद आणि खाली तोंड केलेले. ल्यानो देल हाब्लेसारखे पॉइंट फुकट आहेत, अमावास्येच्या आसपास नुसती चटई टाकून पडलात तरी पैसे वसूल. टूर घ्यायचीच तर स्टारलाईट सर्टिफिकेटवाला (म्हणजे आकाश दाखवायचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला) गाईड बघा आणि दुर्बीण किती इंची आहे ते बुकिंगच्या आधी विचारा, गोलगोल उत्तर आलं की सोडून द्या.

रिफंड मागितला तर म्हणे वेदर! ढग खाली आणि वर आभाळ लख्ख, कसलं वेदर? स्पेनमध्ये धंदेवाल्याला तक्रारीचा सरकारी फॉर्म ठेवावाच लागतो, तो मागितल्यावर साहेबांचा आवाज जरा खाली आला. फॉर्म भरून दिलाय, पैसे कार्डने भरले होते म्हणून बँकेकडे चार्जबॅकही (कार्डचे पैसे परत फिरवायचा अर्ज) टाकलाय, बघू काय होतंय. व्हॅनमधल्या एका जोडप्याने कॅश दिली होती, त्यांच्याकडे साधी पावतीसुद्धा नाही.