शेततळ्यात पाणी बदलायचं की एरेटर बसवायचा? आपल्या कोल्हापूर भागाचा विचार करून

आमच्या पाव्हण्यांनी कागलकडं वीस गुंठ्याच्या शेततळ्यात प्लास्टिकचा कागद टाकून रोहू-कटला मासा सोडलाय आणि आता विचारतायत की पैसे एरेटरला (पाण्यात हवा मिसळणाऱ्या मशीनला) घालू का अजून एक पाईपलाईन टाकून पाणी बदलत राहू. हाच प्रश्न बऱ्याच जणांना पडतो म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी दुखणं कुठलं ते बघा. पहाटे मासे वर येऊन तोंड वासतायत आणि ऊन पडल्यावर खाली जातात, म्हणजे ऑक्सिजन कमी पडतोय. दिवसा शेवाळ ऑक्सिजन तयार करतं, रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ सगळे मिळून तो खातात, त्यामुळं सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर असला तर चांगलं, 3 च्या खाली गेला की मासा ताणात येतो. इथं एरेटरच पाहिजे. पण मासे दिवसासुद्धा खाद्याला येत नाहीत, सुस्त आहेत आणि पाणी तपासायच्या किटवर अमोनिया (विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातनं होणारं विष) दिसतोय तर मात्र नुसत्या एरेटरनं भागत नाही, खाद्य थांबवून पाणी बदलायलाच लागतं. आणि त्यावेळी चुना टाकू नका, कारण चुन्यानं पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप) वाढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

आता पाणी बदलायचा हिशोब. वीस गुंठे आणि दीड मीटर खोली म्हणजे साधारण 30 लाख लिटर पाणी. त्यातलं दहा टक्के बदलायचं म्हटलं तर 3 लाख लिटर, मोटर तासाला 40 हजार लिटर देत असेल तर साडेसात तास. पहाटे मासे वर आल्यावर हे सुरू करून काय उपयोग? पण एक मोठा फायदा आहे, तळाचं काढलेलं पाणी उसाला सोडता येतं, त्यात माशांच्या विष्ठेचं नत्र असतं, म्हणजे पाणी वाया जात नाही. ज्याचा ऊस तळ्याला लागूनच आहे त्याला हे निम्म्यानं स्वस्त पडल्यासारखंच आहे.

पण पाणी येतंय कुठनं? राधानगरी, भोगावतीच्या वरच्या अंगाला असाल तर बिनधास्त घ्या, फक्त पाईपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा नाहीतर नको असलेला तिलापिया मासा आत शिरतो. शिरोळ, इचलकरंजीकडं उन्हाळ्यात पंचगंगेचं पाणी कमी झालं की नदीतच मासे मेल्याच्या बातम्या येतात, ते पाणी मी तरी माझ्या तळ्यात घेणार नाही. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन नसल्यासारखाच असतो, घेतलंच तर उंचावरनं फवारत पाडा.

एरेटरची खरी अडचण लाईटची आहे. शेतीची थ्री फेज आठ तास, कधी दिवसा कधी रात्री, आणि एरेटर पाहिजे मध्यरात्रीपासनं उजाडेपर्यंत. दिवसपाळीच्या आठवड्यात मशीन तळ्यात नुसतं उभं राहतं. सोलर पंपावर चालवू म्हणणाऱ्यांनी पहाटे चारला ऊन नसतं हे लक्षात घ्यावं. रात्री सिंगल फेज लाईट असेल आणि मशीनही सिंगल फेजचं घेतलं, किंवा जनरेटर असला तरच पैसे घाला. खर्च तसा कमी आहे, 1 एचपी सहा तास चालवलं तर साडेचार युनिटच्या आसपास. कागदाच्या तळ्यात पाणी मीटरभराच्या खाली आलं असेल तर मात्र एरेटरच्या चाकानं तळाचा गाळ ढवळला जातो, तेवढं सांभाळा.

माझ्याकडं दोन वर्षांमागं श्रावणात चार दिवस झड लागली, ऊन नाही म्हणून शेवाळानं ऑक्सिजन केला नाही आणि मी रोजच्यासारखं खाद्य टाकत राहिलो, पाचव्या दिवशी सकाळी मोठे कटलेच आधी उलटे झालेले बघितले. फार वाईट वाटलं. तेव्हा मोटरनं तळ्याचंच पाणी उचलून जोरात परत तळ्यात फवारलं, म्हणून बाकीचे वाचले.

पाव्हण्यांना मी सांगितलंय की वीस गुंठ्यात हजारभर बोटुकलीच (बोटाएवढी पिल्लं) असेल तर दोन्हीतलं काहीच आत्ता घेऊ नका, फवाऱ्याची सोय आणि टेस्ट किट ठेवा, ढगाळ दिवशी खाद्य बंद. दोन हजारच्या वर जायचं असेल तर पहिला पैसा सिंगल फेज एरेटरला, पाईपलाईन पुढच्या वर्षी. पंगस जातीचा मासा करणार असाल तर हिशोब थोडा बदलतो, तो वरची हवा घेऊन तग धरतो, पण खाद्य भरपूर लागतं म्हणून अमोनिया लवकर चढतो, तिथं पाणी बदलायची सोय आधी करा.