दगडी वाड्यात वायफाय: उन्हाळा, पावसाळा काढल्यावरचा अनुभव

औशातला आमचा वाडा काळ्या दगडाचा. भिंती दोन-अडीच फूट रुंद, मधे अंगण, मागच्या खोल्यांवर पत्रे. फायबर ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या पुढच्या बैठकीत आलं, राउटरही तिथंच बसला. ढाळजेत १०० एमबीपीएस पुरेपूर, पण मागच्या खोलीत पुतणीचा नीटचा ऑनलाइन वर्ग सारखा अडकायचा.

लाइनवाला म्हणाला, मोठा प्लॅन घ्या. असा सल्ला मिळाला तर आधी राउटरशेजारी स्पीड मोजा, मग अडचणीच्या खोलीत. शेजारी पूर्ण वेग मिळत असेल तर दोष भिंतींचा आहे, तिथं प्लॅन वाढवून काही होत नाही. मोबाइलवरच्या वायफाय ॲनालायझर ॲपनं ढाळजेत उणे ४५ डीबीएम दाखवलं, मागं उणे ८२. डीबीएम हे सिग्नलच्या जोराचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. व्हिडिओ नीट चालायला साधारण उणे ६७ तरी लागतं. वायफाय दोन बँडवर चालतं: ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा भिंतीपुढं टिकत नाही, २.४ चा पलीकडं पोचतो, पण वेग कमी.

सिग्नल पकडून पुढं पाठवणारा रिपीटरही लावून पाहिला. स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर घेतो आणि पुढं पाठवतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. त्यात त्यालाच मुळात सिग्नल क्षीण मिळत होता.

काम झालं ते केबलनं. कॅट ६ ही नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंत चालते, आम्हाला त्याच्या पावही लागली नाही. झरोक्यातून काढली, अंगणात ऊन आणि उंदरांपासून जपायला पीव्हीसी पाइपातून नेली. मागं ड्युअल बँड (दोन्ही बँडचा) राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवला, म्हणजे तो केबलनं आलेलं नेट फक्त वायफायवर देतो. हा मोड नसेल तर दुसऱ्या राउटरचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) पहिल्यापेक्षा वेगळा करा, डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना असे पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि केबल लॅन पोर्टात लावा. दोन्हींना नाव-पासवर्ड एकच, २.४ साठी एकाला चॅनल १, दुसऱ्याला ११, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांत मिसळत नाहीत.

तेव्हापासून वर्ग अडकलेला नाही, याचं समाधान मोठं आहे. पण एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली राउटर तापून बंद पडायचा. भिंतीवर खाली, दाराच्या उंचीला आणल्यावर थांबलं. लाइट गेली की दोन्ही राउटरना बॅकअप हवा, आम्ही १२ व्होल्टचे छोटे यूपीएस घेतले. व्हिडिओ कॉलवर बोलत ढाळजेतून मागं गेलं तर फोन जुन्याच राउटरला धरून बसतो, क्षणभर आवाज तुटतो. आणि वळवाचा पाऊस कडाडायच्या आधीच केबल दोन्ही टोकांना काढून ठेवा. उघड्या अंगणातल्या तांब्याच्या तारेतून विजेचा झटका दोन्ही राउटर जाळू शकतो.