जुना वॉलपेपर: वरून रंग द्यायचा की खरवडून काढायचा?

वॉलपेपर काढायचं मनात आलं की डोळ्यांपुढे ओल्या, चिकट कागदाचा ढीग उभा राहतो आणि मग हमखास वाटतं, वरूनच रंगाचे दोन हात मारले तर? मीही एकदा तेच केलं. पाण्यात कालवायचा साधा प्रायमर थेट कागदावर लावला. संध्याकाळपर्यंत भिंतीवर जागोजागी फुगे आले. सुकल्यावर त्यातले बरेच बसले, काही बसलेच नाहीत, आणि काही महिन्यांनी जोडांच्या कडा उचलायला लागल्या. शेवटी सगळं काढावंच लागलं. कोरा असताना तो कागद दुपारभरात निघाला असता, रंग चढल्यावर त्याला तीन दिवस लागले.

असं का होतं ते समजलं की निम्मा निर्णय झालाच. वॉलपेपर खळीवर चिकटलेला असतो आणि बहुतेक खळी पाण्याने सैल होतात. पाण्यातल्या रंगाचा हात दिला की कागद पाणी पितो, फुगतो, खालची खळ मऊ पडते. कडा सगळ्यात आधी सुटतात. उलट एकदा रंगाचा थर बसला की पाणी किंवा वाफ आत शिरत नाही, म्हणजे पुढे कधी काढायची वेळ आली तर आधी तो थर टोचून-ओरखडून फोडावा लागतो.

आधी एक कोपरा

कपाटामागचा किंवा दारामागचा एखादा न दिसणारा कोपरा निवडा. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत जा. पोकळ आवाज आला तर कागद तिथे सुटलेला आहे. मग जोडाजवळची कड नखाने उचलून हळूच ओढा. अख्खा पट्टा कोरडाच निघाला, तर पुढे वाचायचीही गरज नाही, काढून टाका. वरची प्लॅस्टिकसारखी साल निघाली आणि खाली पातळ पांढरट कागद राहिला, तरी नशीब चांगलंच म्हणायचं. तो कागद पाणी पटकन पितो, त्यामुळे भिजवून सहज निघतो. चिमूटभर तुकडेच हाताशी येत असतील तर कोमट पाण्यात थोडं भांड्यांचं लिक्विड घालून तो भाग भिजवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि रुंद पत्रा भिंतीला जवळपास टेकवून, तिरका धरून ढकला.

आता कागदाखाली काय आहे ते बघा, कारण खरा निकाल तिथे लागतो. सिमेंटचा किंवा चुन्याचा गिलावा असेल तर तो भिजवणं, खरवडणं बऱ्यापैकी सोसतो. पडलेले खड्डे पुट्टीने भरता येतात. जिप्सम बोर्ड, म्हणजे गिलाव्याऐवजी लावलेला जिप्समचा तयार फलक, असेल तर सावध. बोर्डाला स्वतःचाच कागदी पृष्ठभाग असतो. वॉलपेपर लावण्याआधी त्यावर प्रायमर मारलेला नसेल, तर वॉलपेपरबरोबर बोर्डाची सालही सोलून येते. कोपऱ्यात तपकिरी, केसाळ कागद दिसायला लागला तर तिथेच हात थांबवा. वरून रंग देण्याच्या बाजूने मला पटणारं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे.

वरून रंग दिला तर

हा आळशाचा मार्ग समजला जातो, पण नीट केला तर त्यातही काम कमी नाही. सुटलेल्या कडा पुन्हा चिकटवायच्या, फुग्यांना चीर देऊन आत खळ भरायची, जोडांवर पातळ पुट्टी ओढून घासायची. मग ऑइल प्रायमर किंवा शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, प्रायमर. यांत पाणी नसल्यामुळे खळ जागी राहते आणि जुन्या छपाईची शाईही वर फुटत नाही. वास उग्र असतो, खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. तो पूर्ण सुकला की वर नेहमीचा रंग चालतो. रंग मॅट घ्या. चकचकीत रंगात प्रत्येक जोड, प्रत्येक सुरकुती दिसते, आणि खिडकीतून तिरका उजेड आला की मॅटमध्येही थोडी दिसतेच. ही गोष्ट आधीच मान्य करून टाकावी.

उठावाच्या नक्षीचा कागद असेल तर ती नक्षी रंगाखालून दिसणारच. काही उठावाचे कागद मात्र मुळातच रंगवण्यासाठी बनवलेले असतात. १८८७ साली निघालेला अॅनाग्लिप्टा त्यातलाच. असा कागद घट्ट बसलेला असेल तर तो काढायला निघणं मला तरी उधळपट्टी वाटते.

तीन ठिकाणी वरून रंग देऊच नये. पहिलं, ओल. कागदावर काळे ठिपके असतील किंवा कोंदट वास येत असेल तर मागे बुरशी आहे. रंगाने ती झाकली जाते, जात नाही. आधी कागद उतरवा, ओल कुठून येते ते शोधा. दुसरं, चकचकीत विनाइल. त्यावर रंगाची पकड कच्ची असते, आणि विनाइल मऊ ठेवणारी द्रव्यं हळूहळू वर येऊन रंग चिकचिकीत करू शकतात. तिसरं, एकावर एक लावलेले दोन-तीन कागद. सगळ्यात खालचा सुटला की वरचे सगळे घेऊन खाली येतो.

काढला तर

त्रास आहे, पण तो एकदाच होतो. काम सुरू करण्याआधी खोलीची वीज बंद करा, कारण पाणी स्विचबोर्डात शिरायला वेळ लागत नाही. कागद वॉटरप्रूफ असेल तर भिजवण्याआधी बारीक भोकं पाडा, पण जोर लावू नका, नाहीतर तीच भोकं गिलाव्यात उमटतात.

लोक चुकतात ते कागद निघाल्यानंतर. भिंत स्वच्छ दिसते, पण खळीचा थर तसाच असतो आणि त्यावर दिलेल्या रंगाला पुढे भेगा पडतात, पोपडे सुटतात. ओला हात फिरवा, बुळबुळीत लागलं तर अजून धुवायचं आहे. खळ पिठाची असेल तर आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा डाग पडतो, शाळेत बटाट्यावर पडायचा तसाच. धुतल्यावर भिंत पूर्ण वाळू द्या, मग पुट्टी, घासणं, प्रायमर आणि रंग.

घर फार जुनं असेल तर आणखी एक काळजी. कागदाखालच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका. एकोणिसाव्या शतकातल्या हिरव्या वॉलपेपरच्या रंगात तर आर्सेनिक असायचं. इतका जुना कागद हाती लागला तर हात लावण्याआधी तपासून घ्या.

मग करायचं काय?

वेळेतला फरक वाटतो तेवढा मोठा नाही. नीट केलं तर दोन्हींत दोन-चार दिवस जातात. खाली गिलावा असेल आणि त्या घरात वर्षानुवर्षं राहायचं असेल तर मी काढतो. खाली प्रायमर न मारलेला बोर्ड असेल, किंवा कागद घट्ट, एकच थर, कोरडा आणि विनाइलचा नसेल, तर वरून रंग दिलेला चालतो. पण आधी हातभर जागेवर प्रायमर आणि रंग लावून दोन दिवस बघा. फुगा आला नाही, डाग फुटला नाही, तरच पुढे जा.

आमच्या आतल्या खोलीची एक भिंत अजून कागदासकटच रंगवलेली आहे. खाली बोर्ड होता, कोपऱ्यातच साल निघाली. तिचे दोन जोड मला रोज सकाळी दिसतात. पाहुण्यांना अजून एकदाही दिसलेले नाहीत.