टाक्या पक्क्या, नकाशा कच्चा: उद्यमनगरचा पाणबुडी संच

शाळांच्या प्रयोगशाळेसाठी कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका वर्कशॉपनं पाणबुडीचं चालतं मॉडेल विक्रीला आणलंय. किंमत २,८५० रुपये. ६०० मिलिमीटर लांब, ९० मिलिमीटर व्यासाची ॲक्रिलिकची नळी, आत पुढे-मागे १५० मिलिलिटरच्या दोन सिरिंज, मधे २० मिलिलिटरची एक आणि तळाला बिडाचं वजन. सोबत नॅव्हिगेशनच्या, म्हणजे समुद्रात आपली जागा नि दिशा ठरवण्याच्या, सरावाचा एक कागद. मॉडेल जरूर घ्यावं. कागद मात्र नव्यानं लिहायला हवा.

सिरिंजची मांडणी विचारपूर्वक केलीय. खरी पाणबुडी बुडी मारते तेव्हा मुख्य बॅलास्ट टाक्या (वजन वाढवायला पाणी घ्यायच्या टाक्या) पूर्ण भरतात. ठरावीक खोलीवर टिकून राहायला मात्र छोट्या टाक्यांत थोडं थोडं पाणी घ्यावं-सोडावं लागतं. इथं पहिलं काम मोठ्या सिरिंज करतात, दुसरं मधली. मधली १० मिलिलिटरवर ठेवा, मोठ्या दोन्ही पूर्ण भरा, आणि मॉडेल वरही येत नाही नि खालीही जात नाही अशा बेताला येईपर्यंत २० ग्रॅमच्या पट्ट्या घाला. राहिलेला फरक मधली सिरिंज सावरते. नाक खाली झुकलं तर पट्ट्या मागे सरकवा. खऱ्या बोटीत हा हिशेब रोजचाच: रसद संपत जाते, टॉर्पेडो सुटतो, माणसं एका कप्प्यातून दुसऱ्यात जातात, आणि तेवढ्या वजनाची भरपाई पाण्यानं करावी लागते.

बिघडतं ते दोन जागी. सिरिंजच्या तोंडाशी हवा अडकली की मॉडेल एका खोलीवर ठरत नाही. हौदात मीटरभर खाली १० मिलिलिटरचा बुडबुडा जवळपास १ मिलिलिटरनं आकसतो; तेवढ्यानं मॉडेल जड होतं, आणखी खाली जातं, बुडबुडा आणखी आकसतो. म्हणून पहिल्यांदा भरताना तोंड वर धरून हवा काढाच. दुसरी जागा झाकणाची ओ-रिंग, म्हणजे पाणी रोखणारी गोल रबरी कडी. सिरिंज पाणी ओढतात तशी नळीतली हवा दाबली जाते, त्यामुळे कडेनं बारीक बुडबुड्यांची माळ निघाली तर तिथं केस किंवा कचरा अडकलाय असं समजा. रिंग पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. संचात जादा रिंग नाही, ही उणीव खटकते. बिडाच्या वजनालाही रंग हवा होता. गंज पाण्यात उतरतो.

रिमोटऐवजी वायर दिली तेही बरोबर, कारण रिमोटच्या लहरी पाण्यात लगेच विरतात. फक्त वायरच्या वजनानं शेपूट खाली बसते. फूटभर अंतरावर बुचाचे तुकडे बांधा.

सहलीला मॉडेल रत्नागिरीला न्यायचं असेल तर आणखी पाच पट्ट्या सोबत ठेवा. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं, म्हणजे या ३.८ लिटरच्या नळीला ९५ ग्रॅम कमी पडतात आणि ती बुडतच नाही. दीड हजार टनांच्या पाणबुडीला हाच फरक ३७ टनांच्या आसपास जातो.

आता तो कागद. त्यात पाण्याखालची पाणबुडी उपग्रहावरून आपली जागा बघते असं छापलंय. हे चूक आहे. उपग्रहाचा सिग्नल समुद्रात शिरत नाही. त्यासाठी पेरिस्कोपच्या खोलीवर येऊन अँटेना पाण्याबाहेर काढावा लागतो. एरवी दिशा, वेग आणि वेळ यांवरून जागा मांडायची, नि चूक तासागणिक वाढत जाते. कागदातल्या गणितात ४ नॉटनं (ताशी ४ सागरी मैल) ६ तास पश्चिमेला गेलं की २४ सागरी मैल, एवढ्यावर उत्तर संपतं. त्याच वेळी दक्षिणेकडे १ नॉटचा प्रवाह असेल तर बोट ६ मैल बाजूला गेलेली असते. दिशा दाखवणारा जायरो एक अंशानं चुकला तर फरक जेमतेम ०.४ मैलांचा. म्हणजे मोठा धोका प्रवाहाचा, आणि कागदात त्याचाच उल्लेख नाही. उत्तराच्या बिंदूभोवती अनिश्चिततेचं वर्तुळ काढून ते दर तासाला मोठं करायला लावलं, तर आठवीतल्या मुलांनाही कळेल की खडकाजवळून जाताना नॅव्हिगेटर एवढं लांबचं अंतर का राखतो. वर्कशॉपनं दुसरी आवृत्ती काढेपर्यंत शिक्षकांनी हे वर्तुळ फळ्यावर काढून घ्यावं.